काळ्या कपड्यांतली श्रीमंती : राइक्सम्युझियमची वाटचाल

१८१७ साली हॉलंडच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहाला, म्हणजे आजच्या राइक्सम्युझियमला, राजवाडा सोडून नवं बिऱ्हाड शोधावं लागलं. ते मिळालं ॲम्स्टरडॅममध्येच, क्लोव्हेनियर्सबर्गवाल या कालव्याच्या काठी, ट्रिपनहाउस नावाच्या दगडी वाड्यात. हा वाडा राजाचा नव्हता आणि सरदाराचाही नव्हता. लुई आणि हेंड्रिक ट्रिप या व्यापारी भावांनी १६६० ते १६६२ या काळात तो बांधून घेतला होता. त्यांचा धंदा लोखंडाचा आणि तोफांचा. वाड्याच्या नक्षीत तोफा आहेत आणि छपरावरची धुराडी उखळी तोफांच्या आकाराची आहेत. समोरून पाहिलं तर उंच खांबांचा एकच भव्य दर्शनी भाग दिसतो. आत मात्र दोन भावांची दोन स्वतंत्र घरं, मध्ये भिंत.

पुढची ६८ वर्षं रेम्ब्रांटची चित्रं या वाड्यात राहिली. राइक्सम्युझियमचा इतिहास सांगताना हा मुक्काम अडचणीचा काळ म्हणून उरकला जातो. मला मात्र संस्थेची सगळी गोष्ट इथूनच उलगडत जाते असं वाटतं. ज्या माणसांनी आपली पत भिंतीवर टांगली, त्यांच्याच जातकुळीच्या एका घरात त्यांची चित्रं परत आली होती. त्यातल्या कित्येकांची नावं मात्र तोवर कुणाच्या लक्षात राहिली नव्हती.

सतराव्या शतकातलं डच प्रजासत्ताक म्हणजे व्यापाऱ्यांचं राज्य. स्पेनच्या राजाशी भांडून ते उभं राहिलेलं. ॲम्स्टरडॅममध्ये सरदारांचं फारसं वजन नव्हतं. धान्य, लाकूड, कापड, मसाले, साखर आणि तोफा विकणारी घराणीच नगराचा कारभार हाकत. आपल्याकडे घराण्याचा मान वतनात असे आणि वतनाला सनद असे. इथं सनद द्यायला राजाच नव्हता. मग माणसानं आपला मान दाखवायचा कसा? घर बांधून, गावाबाहेर बाग-बंगला घेऊन आणि चांगल्या चित्रकाराकडून स्वतःचं चित्र काढून घेऊन. त्या काळात चित्रानं सनदेचं काम केलं.

ही सनद वाचायला थोडी सवय लागते, कारण तिच्यातली श्रीमंती ओरडत नाही. बहुतेक जण काळ्या कपड्यांत. आज ते साधे, धार्मिक वृत्तीचे वाटतात आणि काही अंशी ते खरंही आहे, कॅल्विनपंथी शिस्तीत भपक्याला मान नव्हता. पण मुरलेला, न विटणारा काळा रंग हा रंगाऱ्याच्या सगळ्यांत महागड्या कामांपैकी एक होता. आधी निळीचा हात, मग त्यावर दुसऱ्या रंगांचे हात, कापड पुन्हा पुन्हा बुडवायचं. स्वस्तातला काळा थोड्या दिवसांत तपकिरी पडे. म्हणून चित्रातल्या काळ्यात चित्रकारानं मखमल, साटीन आणि लोकर वेगवेगळी दाखवली की बघणाऱ्याला किंमत कळे. गळ्याभोवती खळ घालून चुण्या पाडलेली पांढरीशुभ्र तागाची पट्टी. तिच्यासाठी कित्येक हात बारीक कापड लागे आणि ती धुऊन, खळ घालून, तापल्या सळईनं चुण्या घालणारी माणसं घरात लागत. अशी पट्टी घालून ओझं उचलता येत नाही, खाली वाकताही येत नाही. या माणसाला हातानं काम करावं लागत नाही, एवढं ती पट्टी सांगून जाते.

हात कुठे आहे हेही पाहावं लागतं. कमरेवर ठेवून कोपर बाहेर काढलेला हात म्हणजे जागा व्यापणारा माणूस. हातात काढून धरलेला एक मोजा म्हणजे रिकामपण आणि शिष्टाचार. हातात चिठ्ठी असेल तर दूरदेशी पेढ्यांशी पत्रव्यवहार. नवरा-बायकोची जोडचित्रं असतील तर नवरा बघणाऱ्याच्या डाव्या हाताला, म्हणजे चित्राच्या स्वतःच्या उजव्या, मानाच्या बाजूला. रेम्ब्रांटनं १६३१ मध्ये रंगवलेला निकोलास रुट्स हा रशियाशी फरचा व्यापार करणारा. त्यानं अंगावर सेबलची उंची फर घेतली आहे आणि हातात कागद धरला आहे. माल हाच दागिना. ते चित्र आज न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात आहे.

ट्रिप भावांच्या आई-वडिलांची चित्रंही रेम्ब्रांटनंच काढली, १६६१च्या सुमारास. याकोब ट्रिप आणि मार्गारेता द गेअर आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत समोरासमोर आहेत. मार्गारेताच्या गळ्यात जात्याच्या तळीसारखी गोल, जाड, जुन्या वळणाची पट्टी आहे. १६६१ मध्ये तिची फॅशन केव्हाच उतरली होती. म्हाताऱ्या बाईनं ती सोडली नाही आणि चित्रकारानंही ती झाकली नाही. आमच्या घरी पैसा काल आलेला नाही, तो मुरलेला आहे, हे त्या जुन्या पट्टीनं सांगितलं. त्याच सुमारास मुलं मात्र धुराड्यांना तोफांचा आकार देत होती. एका घराण्याच्या दोन पिढ्यांच्या या दोन भाषा. मला आईची भाषा अधिक भारदस्त वाटते.

मुलांच्या वाड्यातल्या चित्रांत संकोच नव्हताच. आलार्ट व्हान एव्हरडिंगेननं स्वीडनमधल्या त्यांच्या तोफांच्या ओतशाळेचं मोठं चित्र काढून दिलं. फर्डिनांड बोलनं १६६३ मध्ये मार्गारिता ट्रिपला मिनर्व्हा देवीच्या रूपात, धाकट्या बहिणीला शिकवताना रंगवलं. शिरस्त्राण घातलेली देवी म्हणजे तोफांच्या व्यापाऱ्याची लेक. ही दोन्ही चित्रं आज राइक्सम्युझियममध्ये आहेत.

एकट्यानं चित्र काढून घेणं परवडत नसेल तर गटात शिरता येई. नगररक्षक पथकं आणि व्यापारी श्रेण्या आपल्या सभागृहांसाठी सामूहिक चित्रं काढून घेत आणि पैसे माणशी विभागून देत. 'नाइट वॉच' हे त्यातलंच. १६४२ मध्ये पुरं झालेलं, कॅप्टन फ्रान्स बानिंक कॉक याच्या तुकडीचं. तुकडीतल्या लोकांच्या पुढच्या साक्षीवरून कळतं की १६ जणांनी सरासरी शंभर गिल्डर दिले, कुणी जास्त तर कुणी कमी, चित्रातल्या जागेप्रमाणे. कुशल कारागिराची वर्षभराची कमाई तेव्हा तीनशे गिल्डरच्या आसपास होती. पुढे कमानीवर एक ढाल रंगवून घेण्यात आली आणि तिच्यावर अठरा नावं लिहिली गेली. रेम्ब्रांटनं काहींना अंधारात ढकललं होतं. पैसे देऊन अर्धवट दिसणाऱ्यांना निदान नाव तरी वाचता यावं, हा त्यामागचा आग्रह मला फार मानवी वाटतो.

तरी 'स्टालमेस्टर्स' हेच या जातीचं सर्वश्रेष्ठ चित्र. रेम्ब्रांटनं ते १६६२ मध्ये काढलं. पाच व्यापारी आणि मागे उघड्या डोक्यानं उभा असलेला त्यांचा कारकून. पाचांचं काम रंगवलेल्या निळ्या आणि काळ्या लोकरी कापडाचे नमुने पारखून दर्जा ठरवणं. शहराचे महापौर त्यांना एका वर्षासाठी नेमत. म्हणजे ज्या काळ्या रंगावर साऱ्या शहराच्या प्रतिष्ठेची मदार होती, त्याची परीक्षा घेणारी ही माणसं. त्यांच्यात कॅल्विनपंथी, कॅथलिक, मेनोनाइट आणि रेमॉन्स्ट्रंट असे वेगवेगळ्या पंथांचे लोक होते. चर्चमध्ये एकत्र न बसणारे हे पाच जण कापड पारखायला एका मेजाशी बसत. त्या मेजावर पौर्वात्य तांबडा गालिचा आहे. कुणाच्याही अंगावर सोनं नाही, कुणी छाती काढलेली नाही. एक जण खुर्चीतून उठतो आहे आणि सगळे आपल्याकडे पाहतात, जणू आपणच दार उघडून मध्येच आत आलो आहोत. ही सगळी मांडणी सहज झालेली नाही. क्ष-किरण तपासणीत रेम्ब्रांटनं आकृत्यांच्या जागा पुन्हा पुन्हा बदलल्याचं दिसलं, कारकुनाला तर त्यानं बरंच हलवलं. बरोक चित्रकलेत नाट्य असतं ते देवदूतांच्या आणि लढायांच्या प्रसंगांत. कारभारी माणसांच्या एका बैठकीतही ते रेम्ब्रांटला सापडलं.

ही चित्रं मुळात संग्रहालयासाठी नव्हतीच. 'स्टालमेस्टर्स' कापडवाल्यांच्या स्टालहोफ या कचेरीत १७७१ पर्यंत होतं, मग ते नगरभवनात गेलं. 'नाइट वॉच' त्याआधीच, १७१५ मध्ये, पथकाच्या सभागृहातून तिथं नेलं होतं. नव्या जागेत मावत नाही म्हणून त्याच्या चारही बाजू कापल्या. डावीकडचा मोठा पट्टा माणसांसकट गेला आणि तो पुन्हा सापडला नाही. नंतर वर चढलेल्या व्हार्निशनं काळवंडत जाऊन चित्राला 'रात्रीची गस्त' हे चुकीचं नाव चिकटलं. मुळात प्रसंग दिवसाचा आहे. नाव लिहून ठेवणाऱ्यांच्या चित्राला भलतंच नाव मिळालं.

संस्थेचा जन्म क्रांतीतला. १७९५ मध्ये फ्रेंचांच्या पाठबळानं बटावियन प्रजासत्ताक आलं, स्टाडहाउडर, म्हणजे ऑरेंज घराण्यातला प्रजासत्ताकाचा मुख्य कारभारी, पळाला, त्याचे वाडे सरकारजमा झाले. अर्थमंत्री इझाक गोगेल यानं पॅरिसच्या लूव्हरसारखं आपल्याही राष्ट्राचं चित्रदालन असावं असा आग्रह धरला आणि ३१ मे १८०० रोजी हेगजवळच्या हाउस टेन बॉस या वाड्यात ते उघडलं. पहिली खरेदी यान आसेलाइनच्या चिडलेल्या हंसाच्या चित्राची, शंभर गिल्डरला. १८०८ मध्ये नेपोलियनचा भाऊ लुई, जो तेव्हा हॉलंडचा राजा होता, त्यानं संग्रह ॲम्स्टरडॅमला आणला आणि डाम चौकातल्या नगरभवनात, म्हणजे आपल्या नव्या राजवाड्यात, ठेवला. शहरानं रेम्ब्रांटची आपली चित्रं संग्रहाला उसनी दिली. अनेकांना माहीत नसतं की 'नाइट वॉच' आजही ॲम्स्टरडॅम शहराच्या मालकीचं आहे.

फ्रेंच गेले, ऑरेंज घराणं परतलं आणि राजवाड्यातून संग्रहाला निघावं लागलं. तेव्हा ट्रिपनहाउस. तिथं आधीपासून शास्त्रज्ञांची अकादमी होती, तिच्याशी जागा वाटून घ्यायची. खोल्यांत उजेड कमी, चौकटीला चौकट भिडलेली, आगीची कायम भीती. पाहणारे वाढत गेले, भिंती मात्र तेवढ्याच. त्या काळी व्हान डेर हेल्स्टचं १६४८ मधल्या मुन्स्टरच्या तहाच्या मेजवानीचं चित्र अनेक पाहुण्यांना 'नाइट वॉच'पेक्षा सरस वाटे, कारण त्यात प्रत्येक पैसे देणाऱ्याचा चेहरा लख्ख दिसतो. चित्र काढून घेणाऱ्या व्यापाऱ्यांचंही बहुधा हेच मत पडलं असतं.

याच मुक्कामात, १८५२ मध्ये, फ्रान्स हाल्सचं एक जोडचित्र खरेदी झालं. झाडाखाली बसलेलं, हसणारं जोडपं, बायकोचा हात नवऱ्याच्या खांद्यावर. चित्रकारानं स्वतःला आणि आपल्या बायकोला रंगवलं आहे अशी समजूत होती. पुढे कळलं, तो हार्लेमचा इझाक मासा आणि त्याची पत्नी बेआट्रिक्स व्हान डेर लान, लग्न १६२२. मासा तरुणपणी मॉस्कोत राहिलेला, रशियाच्या व्यापारातला जाणकार, त्या देशाचे नकाशे काढणारा. त्या काळी एवढं मोकळं हसून चित्र काढून घेणं हे धाडस होतं. त्यानं ते केलं आणि त्या हसण्यामुळेच लोकांनी त्याला व्यापारी न समजता चित्रकार समजलं.

१८५४ मध्ये आद्रियान व्हान डेर होप हा सावकार वारला आणि त्यानं आपली दोनशेहून अधिक चित्रं शहराला ठेवली, त्यात रेम्ब्रांटची 'ज्यू वधू'. वारसाकर कोण भरणार यावर शहर अडखळलं, तेव्हा नागरिकांनी पैसे जमवले. १८७३ मध्ये व्हिक्टर द स्टुएर्स यानं देशाच्या वारशाची हेळसांड उघडी पाडणारा जळजळीत लेख लिहिला. १८८३ मध्ये कलाकृती परदेशी जाऊ नयेत म्हणून रेम्ब्रांट असोसिएशन स्थापन झाली. १३ जुलै १८८५ रोजी पियेर कैपर्सनं बांधलेली आजची इमारत उघडली. कैपर्स कॅथलिक, इमारत चर्चसारखी दिसते म्हणून प्रॉटेस्टंट मंडळी नाराज झाली. पण आतल्या मांडणीत त्यानं एक निर्णय पक्का केला. लांब सन्मान-दालनाच्या टोकाला, चर्चमध्ये जिथं वेदी असते तिथं, 'नाइट वॉच'. कापडवाले, मसालेवाले, औषधवाल्याचा मुलगा असलेला कॅप्टन, या सगळ्यांना राष्ट्रानं देवाच्या जागी बसवलं. दुसऱ्या महायुद्धात हे चित्र गुंडाळून मास्ट्रिखटजवळच्या सिंट पीटर्सबर्ग टेकडीतल्या भुयारात लपवलं होतं. युद्ध संपल्यावर ते परत आलं.

इथवर ही अभिमानाची गोष्ट. तिच्यात एक पोकळी होती आणि ती भरायला संस्थेला फार वेळ लागला.

याकोब कूमान यानं १६६५ मध्ये बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, पीटर क्नोल या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या बड्या व्यापाऱ्याचं सहकुटुंब चित्र काढलं. बायको कोर्नेलिया ही जपानमध्ये जन्मलेली, आई जपानी. दोन मुली, उंची वस्त्रं. आणि मागे सावलीत दोन गुलाम, एक पुरुष, एक स्त्री. पुरुषाच्या हातात छत्री आहे आणि तो हळूच एक फळ उचलतो आहे. चित्राच्या भाषेत ही दोघं गालिच्यासारखीच, मालकाची पत दाखवणारी. तो पुरुष पुढे डचांविरुद्ध बंड करून उठलेला सुरापती असावा असा एक तर्क आहे. स्त्रीबद्दल तेवढाही नाही.

याच कंपनीनं १६३७ मध्ये आपल्या वेंगुर्ल्यात वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला कोकणची ती जागा सोयीची होती. आणि याच कंपनीचा एक संचालक, ॲम्स्टरडॅमचा महापौर निकोलास विट्सेन, याच्या संग्रहात हिंदुस्थानातल्या राज्यकर्त्यांच्या व्यक्तिचित्रांचा एक गोवळकोंडा शैलीतला चित्रसंपुट आला. तो आज राइक्सम्युझियममध्ये आहे आणि त्यात शिवाजी महाराजांचं चित्र आहे. महाराजांचा चेहरा कसा होता याची ओढ प्रत्येक मराठी माणसाला असते. त्या चेहऱ्याचा एक जुना पुरावा व्यापाऱ्यांच्या या संग्रहात सांभाळला गेला. दूरच्या राजांचे चेहरे आपल्या दालनात असणं हीसुद्धा त्या काळी व्यापाऱ्याच्या पोचाची खूण होती, हे विसरून चालणार नाही. रेम्ब्रांटनंही मुघल लघुचित्रांवरून रेखाटनं केली, ती अशाच मार्गानं आलेल्या चित्रांवरून.

दहा वर्षांच्या दुरुस्तीनंतर १३ एप्रिल २०१३ रोजी राणी बेआट्रिक्सच्या हस्ते संग्रहालय पुन्हा खुलं झालं. जवळजवळ प्रत्येक वस्तूची जागा बदलली, 'नाइट वॉच'ची बदलली नाही. तीन वर्षांनी, २०१६ मध्ये, तोवरचा सगळ्यांत महाग सौदा झाला. रेम्ब्रांटनं १६३४ मध्ये काढलेली मार्टेन सोलमान्स आणि ओप्येन कॉपिट यांची जोडचित्रं हॉलंड आणि फ्रान्स यांनी मिळून रोथशिल्ड घराण्याकडून १६ कोटी युरोंना घेतली. मार्टेनचे वडील अँटवर्पहून आलेले साखर शुद्ध करणारे, म्हणजे नवे श्रीमंत. ओप्येन जुन्या ॲम्स्टरडॅमकर घराण्यातली. पंचविशीही न गाठलेल्या या जोडप्यानं पायांपासून डोक्यापर्यंत, खऱ्या उंचीचं चित्र काढून घेतलं. हा मान तोवर राजेरजवाड्यांचा. मार्टेनच्या बुटांवरची लेसची फुलं पाहिली की त्या वयाची हौस कळते. काळ्या साटीनवर उमटलेली नक्षी, गळ्यावरची लेस, ओप्येनच्या हातातला सोन्याच्या साखळीचा पिसांचा पंखा, यांपुढे काळा रंग साधेपणाचा होता असं म्हणायची सोयच राहत नाही.

शतकानुशतकं ही चित्रं भलत्याच जोडप्याची समजली जात होती, मार्टेन डे आणि त्याच्या पहिल्या बायकोची. १९५६ मध्ये अभिलेखपाल इसाबेला व्हान एघेन यांनी कागदपत्रांतून खरी नावं काढली. घोटाळ्याचं कारणही त्यातच होतं : विधवा ओप्येननं पुढे या डेशीच लग्न केलं आणि चित्रं त्या घरात गेली. २०२१ मध्ये संग्रहालयानं गुलामगिरीवर मोठं प्रदर्शन भरवलं, दहा माणसांच्या कहाण्यांमधून. त्यात एक कहाणी ओप्येनची होती. ज्या साखरेनं ती लेस विकत घेतली, ती ब्राझीलमधल्या गुलामांच्या कष्टाची. डे स्वतः ब्राझीलमध्ये शिपाई होता आणि तिथं त्यानं फ्रान्सिस्का नावाच्या एका आफ्रिकी स्त्रीवर केलेल्या अत्याचाराची नोंद कागदांत राहिली आहे. तिचं चित्र कुणी काढलं नाही. तिचं नाव मात्र त्या प्रदर्शनात ओप्येनच्या कहाणीत वाचता आलं. माझ्या मते या संस्थेनं दोनशे वर्षांत केलेल्या कामांतलं हे सर्वांत मोलाचं काम आहे, कोट्यवधींच्या खरेदीपेक्षाही.

ॲम्स्टरडॅमला गेलात तर संग्रहालय पाहून झाल्यावर थोडी पायपीट करा. क्लोव्हेनियर्सबर्गवालच्या एका टोकाशी आता हॉटेल आहे, 'नाइट वॉच' जिथं पहिल्यांदा लागलं त्या सभागृहाच्या जागी. तिथून जवळच स्टालस्ट्राट, कापडवाल्या पाचांची गल्ली. आणि कालव्याच्या काठानं पुढे गेलं की २९ क्रमांकाचा ट्रिपनहाउस. शास्त्रज्ञांची अकादमी अजून तिथंच आहे. रस्ता ओलांडून पलीकडे उभे राहा आणि छपराकडे पाहा : तोफांची धुराडी जागेवर आहेत.